चाळीस फोटो आणि एक पखाल

त्या फोटोत एक गुबगुबीत लोकरीची वस्तू होती. वर गोंडा, दोन्ही बाजूंना एकेक फट. मी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कोंबडीचं स्वेटर."

मिस एडना हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या कागदावर एक फुली मारली आणि पुढचा फोटो समोर धरला.

बहरीनमधल्या माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. ती वस्तू म्हणजे चहाच्या किटलीला घालायची टोपी होती. थंडीच्या मुलखात चहा निवू नये म्हणून घालतात म्हणे. मी ज्या मुलखात उभी होते तिथे ऑगस्टात नळाचं पाणीच चहाइतकं गरम यायचं. त्या दिवशी मला चाळीस फोटोंपैकी एकतीस ओळखता आले. मिरजेत नर्सिंग शिकलेली, चार वर्षं वॉर्डात काम केलेली मी धडधाकट बाई, आणि चाळिसात एकतीस. तो आकडा मी लक्षात ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

आखातात अकरा वर्षं काढून आलेल्या नर्सला लोक दोनच गोष्टी विचारतात : सोनं किती आणलं आणि उकाडा कसा सोसला. काम काय करत होता, हे फारसं कोणी विचारत नाही. विचारलंच तर मी सांगते, "फोटो दाखवत होते." मग समोरच्याला वाटतं, बाई एक्स-रेला होती.

आमचं हॉस्पिटल लहान होतं. सलमानियातल्या मोठ्या सरकारी इस्पितळापुढे तर अगदीच घरगुती. दोन मजले, मागे खजुराची चार झाडं. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत मिस एडनांचा विभाग होता. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावच्या त्या उंच, सडपातळ बाई म्हणजे आमच्या स्पीच थेरपिस्ट, आणि मी त्यांची मदतनीस. अर्धांगवायूच्या झटक्यात ज्यांची वाचा गेली, असे रुग्ण आमच्याकडे यायचे.

वाचा जाणं म्हणजे जीभ जड होणं नव्हे. समोर किल्ली ठेवली तर या माणसाला ती दिसते, ती किल्ली आहे हे कळतं, तिने काय करायचं हेही कळतं. फक्त 'किल्ली' हा शब्द जागेवर नसतो. ओळखीचं माणूस समोर यावं आणि नाव ओठांवर येऊ नये, तसं यांचं दिवसभर, प्रत्येक वस्तूपाशी होतं. कुणाला शेजारचा शब्द सापडतो. किल्लीला दार म्हणतात, चमच्याला ताट. म्हणून फोटो दाखवायचे. नाव सांगितलं तर एक गुण. नाव नाही आलं, पण वस्तू कशी वापरतात ते हाताने करून दाखवलं, तरी अर्धा गुण. माणसाचा शब्द हरवलाय की समजच गेलीय, हे त्यावरून ठरवायचं.

हे काम दुपारी दोन ते चार चालायचं. पडदे ओढलेले, एसीची एकसुरी घरघर, पडद्यांतून आत आलेला पिवळट उजेड. त्या खोलीत बसलं की आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. रुग्ण फोटोकडे बघत राहायचा, मी रुग्णाकडे, आणि शब्द वर येण्याची वाट बघत आम्ही दोघं तासन्‌तास गप्प.

कधी कधी फारच मजेशीर शब्द वर यायचा. पेडणेकर नावाचे मालवणकडचे एक ड्रायव्हर होते. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला होता, 'गाडी'. चमचा दाखवा, गाडी. छत्री दाखवा, गाडी. स्वतःचं नाव विचारलं तरी गाडी, आणि म्हणताना डोळ्यांत पाणी. एक दिवस मिस एडनांनी त्यांना तोच फोटो सातव्यांदा दाखवला, तेव्हा त्यांचा संयम सुटला आणि एकदम स्वच्छ, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "गप रे मेल्या!"

मिस एडना आनंदाने उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणाले ते?"

"त्यांच्या गावाकडे मायेने असं म्हणतात," मी सांगितलं. तेही अगदीच खोटं नव्हतं. शिव्या, देवाची नावं, आकडे, हे मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, ते बऱ्याचदा वाचतात. मिस एडनांनी 'मेल्या' हा शब्द कागदावर लिहून घेतला. पुढे पेडणेकर बरेच सुधारले. घरी जाताना मिस एडनांनी त्यांचा हात हातात घेऊन निरोप दिला : "गुड बाय, मेल्या." त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पडद्याची दोरी नीट करायला गेले.

आता जे सांगायचंय ते सांगते.

मला तिथे एक वर्ष होत आलं असेल. शेजारच्या मुहर्रक बेटावरचे एक म्हातारे गृहस्थ आले. अबू हसन. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणजे हसनचा बाप. सत्तरीचे, काटक, छातीचा पिंजरा मात्र पिंपासारखा रुंद. उजवी बाजू गेलेली. मिस एडना तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर होत्या. तपासणी मी एकटीने केली. मोडकं अरबी मला येत होतं, आणि भारतीय दुकानदारांशी बोलून आलेलं थोडंफार हिंदी त्यांना समजायचं.

पहिला फोटो पाव भाजायच्या यंत्राचा. त्यांनी निरखून पाहिलं आणि कानाशी हात नेला, रेडिओ ऐकतात तसा. मी फुली मारली. लाल टपालपेटी दाखवली, तर डाव्या हाताने सलाम ठोकला. शिपाई. बर्फावरची घसरगाडी दाखवली, तर गाल तळव्यावर टेकून डोळे मिटले. खाट. किटलीची टोपी त्यांनी डोक्यावर ठेवून दाखवली. मग आला बिनबोटांचा लोकरी हातमोजा, ज्यात फक्त अंगठा सुटा असतो. तो त्यांनी फार वेळ पाहिला. मग आपला निर्जीव उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि बोटं एकमेकांना चिकटवून त्या फोटोवर, अगदी त्या मोज्याच्या आकारात, ठेवला. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी फुली मारली.

चाळिसात साडेसात. शेवटी विचारलं, "बाबा, तुम्ही काम काय करत होता?"

त्यांचे ओठ हलले. कपाळाला घाम आला. फार कष्टाने एकेक शब्द बाहेर आला : "माय... हिलू... तहत... बहर." पाणी, गोड, खाली, समुद्र. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. मी अहवालात इंग्रजीत लिहिलं : 'समुद्राखालून पिण्याचं पाणी आणत होतो, असं सांगतात. भ्रमिष्ट.' खाली सही केली. अक्षर माझं फार चांगलं होतं.

मोठे डॉक्टर परदेशी होते, घाईत असायचे. त्यांनी माझा अहवाल वाचला आणि अबू हसनना मागच्या वॉर्डात हलवलं. तिथे ज्यांच्याकडून आता काही व्हायचं नाही असे रुग्ण ठेवत. खाणं, अंघोळ, कूस बदलणं सगळं व्यवस्थित. पण फोटो नाहीत, शिकवणं नाही, बोलणंही कामापुरतंच. मी दुसऱ्या रुग्णाकडे वळले.

सहा-सात आठवड्यांनी एका दुपारी दारात एक तरुण बाई उभी राहिली. काळा अबाया, हातात वह्यांची पिशवी. मरियम, अबू हसनची मुलगी. मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी बोलायची, त्यामुळे साध्या वाक्यालाही वजन यायचं.

"सिस्टर, माझे वडील आल्या आल्या चार शब्द बोलत होते. आता एकही बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून असतात. तुम्ही त्यांना काय विचारलं होतं?"

"काही वस्तूंचे फोटो दाखवले. नावं विचारली."

"मला दाखवा."

नियमात बसत नव्हतं. पण ती खुर्ची ओढून बसली होती. मी पेटी उघडली. घसरगाडीपाशी ती थांबली. "शिडी?" किटलीच्या टोपीला, "बाळाचं टोपडं." हातमोजा आला, तेव्हा तिने मान हलवली. "हात भाजल्यावर बांधतात ते?" मी तोवर पेन्सिल खाली ठेवली होती. चाळीस होईपर्यंत तिला त्यांतले बारा ओळखता आले नव्हते.

"मी गणित शिकवते, सिस्टर," ती म्हणाली. "मलाही मागच्या वॉर्डात पाठवणार?"

तिने विचारलं, "वडिलांच्या कागदावर काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. समुद्राखालून पिण्याचं पाणी, इथवर आले आणि तिने हात वर केला.

"ते त्यांचं कामच होतं."

मग तिने सांगितलं. बहर म्हणजे समुद्र आणि बहरीन म्हणजे दोन समुद्र. तिचे वडील म्हणायचे, एक वरचा खारा, एक खालचा गोडा. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे उसळतात. पूर्वी मुहर्रकच्या विहिरी मचूळ. तेव्हा तिचे वडील आणि त्यांच्यासारखे काही जण होडीने तिथे जायचे, चामड्याची पिशवी काखेत दाबून तळाशी बुडी मारायचे, पिशवीचं तोंड थेट झऱ्यावर धरायचे, भरली की अंगठ्याने आवळून वर. ते पाणी गाढवावर घालून दारोदार विकायचे. "मग नळ आले. खलास," मरियम म्हणाली. "लहानपणी मी झोपताना तेच ऐकायचे. तळाशी गेलं की वर सूर्य हिरवा दिसतो, आणि खाली पाणी ओठांना गार आणि गोड लागतं. हे कोणी लिहिलं, सिस्टर? भ्रमिष्ट?"

"मी," मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वह्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, "चार वाजता भेटायची वेळ सुरू होते. मी खाली बसते."

त्या दिवशी तुबलीला घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून तो हात हलला नाही. मोज्याच्या फोटोवर ठेवलेला. रेडिओ, खाट, सलाम, टोपी. एकही उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. न पाहिलेली वस्तू दाखवली तर शहाणा माणूस जो तर्क करील, तोच त्यांनी केला होता. मी पहिल्या दिवशी कोंबडीचं स्वेटर म्हटलं ते आणि हे, यांत फरक एवढाच, की माझ्या फुल्यांवरून मला कुणी कुठे हलवलं नव्हतं.

मिस एडना नुकत्याच परतल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत राहिल्या.

"फोटो बदलू या," मी म्हणाले. "इथल्या वस्तूंचे घेऊ."

"मोजायची पट्टीच बदललीस तर मापाला अर्थ राहत नाही."

"ही पट्टी त्यांच्या मापाची होतीच कधी, मॅडम?"

त्या वळल्या. मग म्हणाल्या, "चाळीस फोटो आण. पण आधी धडधाकट लोकांना दाखव. विसांपैकी अठरा जणांनी ओळखला तरच फोटो पेटीत जाईल. तुला काय सोपं वाटतं, ते मला ऐकायचं नाही."

बाई कडक होत्या, पण त्यांचं बरोबर होतं. हे आधी कुणीतरी करायला हवं होतं, तेच त्या करायला सांगत होत्या.

आमचे यजमान वसंतराव तुबलीला एका गॅरेजात गाड्या रंगवायचे. गॅरेजच्या वर आमच्या दोन खोल्या. खिडकीतून तुबलीची खाडी दिसायची, ओहोटीला चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे असायचे. वसंतरावांना एकच शौक होता, फोटोचा. जपानी कॅमेरा होता आणि शुक्रवारी न्हाणीघराच्या खिडकीला खाकी कागद चिकटवून, लाल दिवा लावून ते स्वतः फोटो धुवायचे. मी त्यांना हे काम सांगितलं, तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. "कधी सुरू करायचं?" एवढंच विचारलं.

पुढचे चार-पाच शुक्रवार आठवले की अजून मला नीट जागं असल्यासारखं वाटत नाही. सकाळी मनामाच्या बाजारात फिरायचं. दुकानदाराला विचारून एखादी वस्तू बाहेर उजेडात मांडायची. कॉफीचं चोचवालं भांडं. धुपाटणं. खजुराच्या पातीचा पंखा. जपमाळ. रॉकेलचा स्टोव्ह. मासे धरायचा तारेचा घुमटासारखा सापळा. दुपारी त्या लाल अंधारात आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे. ट्रेमधल्या रसायनात पांढरा कागद बुडवायचा आणि वाट बघायची. आधी एक करडी सावली, मग कड, मग हळूहळू वस्तू पोटातून वर यायची. मी पुटपुटायचे, "सांगा पाहू काय ते." आणि वस्तू पूर्ण दिसायच्या आत वसंतराव ओळखायचे. मला वाटायचं, माझ्या रुग्णांच्या डोक्यात शब्द असाच येत असेल, आणि मधेच कुणीतरी दिवा लावत असेल.

भांडणंही झाली. वसंतरावांना कलेची हौस. त्यांनी लाटण्याचा फोटो असा काढला, की देवळाचा खांब वाटावा.

"अहो, मला कला नको, लाटणं हवंय," मी म्हटलं.

"अगं, पण ती सावली बघ ना."

"सावलीला पोळी लाटता येत नाही."

त्यांनी तो परत काढला, सरळ, समोरून. तो खांबवाला फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे.

मग लोकांना दाखवायला सुरुवात केली. अदलियात एका मल्याळी माणसाचं चहाचं हॉटेल होतं, तिथे बसायचो. टॅक्सीवाले, दुकानदार, हॉस्पिटलातल्या सफाईवाल्या बाया. बातमी पसरली, आणि लोक आपणहून येऊन 'हमको भी दिखाओ' म्हणू लागले. पुण्याच्या एका बँकेतल्या साहेबांना खलबत्ता ओळखता आला नाही. ते म्हणाले, "फुलदाणी." त्यांच्या बायकोने तिथेच कपाळाला हात लावला. धुपाटणं मल्याळी मालकाला ओळखता येईना, पण एक म्हातारे अरब टॅक्सीवाले ते बघून दाढीखाली धूर घेतात तसा हात हलवून हसले. जो फोटो दोघांपेक्षा जास्त लोकांना अडला, तो मी बाजूला टाकत गेले. असे चाळीस जमवायला जवळजवळ शंभर काढावे लागले.

मधल्या एका शुक्रवारी मरियमने आम्हांला घरी बोलावलं. कोठीच्या खोलीत खुंटीवर ती पिशवी टांगलेली होती. तिचा फोटो घेतला. ट्रेमधून वर आलं ते काहीतरी भयंकर होतं : काळं, सुरकुतलेलं, बिनडोक्याचं धड आणि चार खुंट.

"भाजलेला बोकड," वसंतराव म्हणाले.

तसं ते खरंच होतं. आख्ख्या बोकडाचं कातडं, पाय बांधलेले, मानेचं तोंड उघडं. आपल्याकडे पखाल म्हणतात ती. मी प्रत्यक्ष पाहिली होती म्हणून; नुसत्या फोटोवरून मलाही कळली नसती. टॅक्सीवाल्यांनी ट्रकची फाटकी ट्यूब म्हटलं. मिस एडनांनाही मी चाळीस फोटोंबरोबर तो दाखवला. त्या ठामपणे म्हणाल्या, "बॅगपाइप." मी कागदावर फुली मारली. खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

"विसांत किती जणांनी ओळखला?" त्यांनी विचारलं.

"तिघांनी. मुहर्रकचे म्हातारे."

"मग तो काढ."

मी काढला आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

मागच्या वॉर्डात अबू हसन भिंतीकडे तोंड करून पडले होते. मरियमने त्यांना उठवून बसवलं. मिस एडना पायथ्याशी कागद घेऊन बसल्या. मी पहिला फोटो धरला : कॉफीचं भांडं.

काहीच नाही. मग डावा हात हळूच उठला. भांडं तिरकं केल्यासारखं झालं. मग अदृश्य कप उचलला, घोट घेतला आणि तो कप बोटांच्या चिमटीत डावी-उजवीकडे हलवला. अरबांच्या घरी पुरे म्हणायची ती खूण आहे. कॉफी ओळखलीच, वर शिष्टाचारही सांगितला. पंखा आला, त्यांनी वारा घातला, तोही आधी मरियमला. जपमाळेचे मणी सरकले. माशांच्या सापळ्याला तर त्यांनी तार तुटून पडलेलं भोक बोट लावून दाखवलं. वसंतरावांना किंवा मला ते दिसलंच नव्हतं. चाळिसांपैकी सदतीस वस्तू त्यांनी हाताने ओळखल्या. शब्द मात्र एकही नाही.

"पुरे," मिस एडना म्हणाल्या. "माणूस शाबूत आहे."

मी खिशात हात घातला.

तो फोटो पाहून अबू हसन हलले नाहीत. मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. डाव्या काखेत ठेवला आणि घट्ट दाबला. डोळे मिटले. ओठ मिटले. ती रुंद छाती एकदा फुगली आणि थांबली.

खोलीत घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. मिस एडना अर्ध्या उठल्या. मरियमने त्यांच्याकडे न बघता हात वर केला : थांबा. काटा अर्ध्या फेरीच्या पुढे गेला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कष्ट नव्हते. आम्ही सगळे वर कुठेतरी राहिलो होतो आणि ते एकटे खाली होते. मग डावा अंगठा पिशवीचं तोंड आवळावं तसा बोटांवर घट्ट बसला, श्वास सुटला, डोळे उघडले.

"हिलू," ते म्हणाले. गोड.

मरियम त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मी नवा अहवाल लिहिला. मिस एडना म्हणाल्या, मागचा काढून टाकायची गरज नाही, नवा वर लाव. मी त्यात लिहिलं, की आधीचा निष्कर्ष चूक होता, चूक माझी होती आणि रुग्ण जे सांगत होते ते खरं होतं. मोठ्या डॉक्टरांनी वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण सही केली.

पुढचे पाच महिने अबू हसन आमच्या कोपऱ्यातल्या खोलीत येत राहिले. पंचवीस-तीस शब्द परतले. वाक्य कधीच आलं नाही. झटक्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने मोलाचे असतात, गेलेलं परत येतं ते बहुतेक तेव्हाच. ते जवळजवळ सगळेच त्यांनी भिंतीकडे बघत काढले होते. तेवढे मिळते तर किती शब्द आले असते, हे मी मिस एडनांना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणीच सांगू शकत नाही." हे त्यांनी मला धीर देण्यासाठी म्हटलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमची चाळीस फोटोंची पेटी मात्र मी परतले तोवर वापरात होती. कोपरे झिजले की वसंतराव नवे काढून द्यायचे.

अबू हसन घरी गेले त्याच्या पुढच्या वर्षी, हवा जरा बरी असताना, मरियमचा निरोप आला. तिचा भाऊ हसन वडिलांना होडीतून नेणार होता, झऱ्यावर. तुम्ही दोघं या. आम्ही गेलो. समुद्र काचेसारखा शांत होता, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. अबू हसन पुढच्या बाजूला उशीला टेकून बसले होते. किनाऱ्याकडे बघत ते डाव्या हाताने दिशा दाखवायचे, हसन होडी वळवायचा. मशिदीचा मनोरा आणि दुसरी कुठलीशी खूण एका रेषेत यायला हवी होती. ती दुसरी खूण त्यांना सापडेना. तिथे नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. ते कितीतरी वेळ बघत राहिले, हात मागेपुढे करत. मग एकदम हात खाली आला. इथे.

हसनने काचेची बाटली घेतली, बूच लावलं आणि उडी मारली. आम्ही वरून त्याची सावली लहान होताना पाहत होतो. तो वर आला, धापा टाकत. "यल्ला, बाबा," म्हणत त्याने बाटली वडिलांच्या हातात दिली.

अबू हसननी घोट घेतला आणि तोंडात धरला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. आमच्या धंद्यात एक युक्ती असते, रुग्ण शब्दापाशी अडला की पहिला आवाज आपण पुरवायचा, पुढचा तो ओढून आणतो. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "हि..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गिळलं.

"मालिह," ते म्हणाले. खारं.

स्वच्छ, स्वतःचा, न सुचवलेला शब्द. शिवाय मी पुढे केलेला चुकीचा शब्द नाकारून आणलेला. पाच महिन्यांत ते एकदाही झालं नव्हतं. मी आनंदाने टाळी वाजवली. ती वाजल्यावर मला मरियमचा चेहरा दिसला आणि पाण्यातून होडीची कड धरून राहिलेल्या हसनचा. झरा कधी बंद झाला, कुणालाच माहीत नव्हतं. तळाशी काहीच उसळत नव्हतं, हे हसनने आम्हांला नंतर सांगितलं. वसंतरावांच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यांनी तो हळूच पाठीमागे सरकवला.

माझे हात तसेच एकमेकांवर राहिले. मला वाटलं, आता हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. पण अबू हसननी बाटली माझ्यापुढे केली. मी प्याले. पाणी खारं होतं.

"मालिह," मी म्हटलं.

त्यांनी भुवया उंचावल्या. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, शेवटचा 'ह' कुठून काढायचा ते दाखवायला, आणि शब्द पुन्हा सावकाश म्हटला. मी म्हटला. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं, "जेन," म्हणाले, म्हणजे छान, आणि बाटली उलटी करून उरलेलं पाणी समुद्रात ओतून टाकलं.